दाखला हातात, नाव जुन्याच शाळेत

महोदय,
जूनमध्ये शाळा बदलताना पालक कागदी दाखला मिळाला की निश्चिंत होतात. खरा खोळंबा पुढे होतो. जुन्या शाळेने यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवर विद्यार्थ्याची 'दाखला घेऊन गेला' अशी नोंद केली, तरच त्याचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, जाते. नवी शाळा तिथून पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) व जन्मतारीख टाकून ते आपल्याकडे घेते. ही नोंद राहिली तर मूल नव्या वर्गात बसते आणि पटावर मात्र जुन्याच शाळेत. त्यामुळे दाखला घेतानाच पेन क्रमांक लिहून घ्यावा आणि ऑनलाइन नोंद झाली का, हे तिथेच विचारावे.

दाखल्यावरील नाव व अक्षरी जन्मतारीख आधारशी ताडून पाहावी, आईचे नावही तपासावे. 'दिपक' की 'दीपक' एवढ्यावरूनही गाडी अडते. शिवाय शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीतली, चूक दुरुस्त करणे फार जिकिरीचे.

थकीत शुल्कापायी दाखले अडवून ठेवणे तर सर्रास चालते. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 नुसार मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे कलम प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर लावायला काय हरकत आहे?

– एक शालेय लिपिक