परिचयपत्रातला एक रकाना

साकोलीजवळून,
तान्हा पोळा

प्रिय दिगंबर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळाले. नंदिनीच्या लग्नासाठीच्या परिचयपत्राचा मसुदा दोनदा वाचला. शिक्षण, नोकरी, जन्मवेळ सारे नीट आहे. फक्त ‘कौटुंबिक परिस्थिती’ हा रकाना तू मोकळा सोडला आहेस आणि तिथे सधन लिहावे, सुखवस्तू लिहावे की प्रतिष्ठित, असे मला विचारले आहेस. तुझ्या मेहुण्यांनी ‘श्रीमंत घराणे’ असे सुचवले आणि ते तुझ्या मनाला पटले नाही, हे वाचून मला बरे वाटले. आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘श्रीमंत’ हा शब्द आता पैशापुरता उरला आहे, पण मुळात ज्याच्यापाशी श्री आहे तो श्रीमंत, आणि श्री म्हणजे संपत्तीइतकीच शोभा आणि तेजही. पेशव्यांच्या नावाआधी तो मानाने लावला जाई. दुसऱ्याने द्यायचा शब्द आपणच आपल्या घरावर चिकटवला की त्यातली श्री निघून जाते, असे मला वाटते. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी ‘मातब्बर’ आणि ‘तालेवार’ हे शब्द जास्त असत. तालेवारातले ‘ताले’ म्हणजे नशीब, तेव्हा तो शब्द दैवाचे देणे मान्य करणारा आहे. मातब्बर अरबीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा माणूस. गावात मातब्बर कोण, तर ज्याच्या शब्दावर दुसरा माणूस बियाणे उधार देईल तो. घरात किती आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

‘सावकार’ या शब्दातही ‘साव’ बसलेला आहे, ‘सावाचा आव आणणे’ म्हणतो त्यातला, म्हणजे सचोटीचा माणूस. आमच्या घरात मात्र तो शब्द वेगळ्या रीतीने आला, हे तुला ठाऊक आहे. आबाजींची तलावाखालची दोन एकर बांधी, म्हणजे धानाची बांधबंदिस्त जमीन, एका सावकाराकडे गहाण होती. दर वर्षी धान नेऊन घातले, पावती कधी मिळाली नाही, आणि एके वर्षी बांधी त्याच्या नावावर झाली. आजी त्याच्याविषयी बोलताना एवढेच म्हणे, ‘नाव सावाचं घेतलं, पण सांभाळलं नाही.’ लहानपणी मला ते वाक्य कळत नव्हते. पुढे शिक्षक झाल्यावर शब्दकोशात ‘साव’ पाहिला, तेव्हा अक्षर न वाचता येणाऱ्या आजीने त्या शब्दाची व्युत्पत्ती मला केव्हाच सांगून ठेवली होती हे लक्षात आले.

तुमच्या वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरी, म्हणून तुमच्याकडे मोठेपणाचे शब्द देशमुख आणि पाटील. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तो शब्द मालगुजार. त्याचाही अर्थ बघ: माल म्हणजे शेतसारा, आणि तो भरणारा तो मालगुजार. सरकारात सारा पोहोचवणारा माणूस १८६० च्या दशकातल्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात गावाचा मालक ठरला, आणि ‘भरणारा’ हा अर्थ पुसला जाऊन ‘घेणारा’ एवढाच गावाला दिसू लागला. वेठ होती, बिगार होती, ते मी विसरणार नाही. पण जुन्या मालगुजारांनी आणि तळी बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी मंडळींनी बांधलेले तलाव आजही आमचे धान पिकवतात, हेही खोटे नाही. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. कागदावर त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ पडले, त्याचे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले की हा तलाव कोणाच्या मामाचा. आमच्या गावचा मालगुजाराचा वाडा पडून त्याच्या माळवदाची लाकडे विकली गेली, त्या घराण्याचे नाव सांगणारी माणसे थोडी उरली, पण पाळीवर मोहाची झाडे आहेत, सांडव्यावरून भादव्यात पाणी पडते आणि त्याचे नाव मामा आहे. त्या मुलीला मी सगळा इतिहास सांगितला आणि मग सांगितले की तो आता तुझ्या मामाचा समज.

आता जे लिहितो आहे ते तुझ्याजवळच लिहू शकतो. आपल्या दोन्ही मुलखांत मोठेपणा बैलजोड्यांनी मोजत: अमुक चार जोड्यांचा कास्तकार, तमुक आठ जोड्यांचा. काल आमच्या पोळ्याच्या तोरणाखाली अकरा जोड्या आल्या. आपण शाळेत होतो तेव्हा रांग मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत जाई. पण जोड्यांबरोबर आणखी एक मोजणी होती. ‘चार जोड्या आणि तीन सालदार’, म्हणजे सालाच्या बोलीने राबणारे गडी, असे बोलत. बांधी गेल्यावर माझे वडील त्या तिघांत एक झाले. पाडव्याला साल ठरायचे, पुढच्या पाडव्याला फिटायचे, आणि ते पुन्हा त्याच वाड्यावर जायचे. वडील त्या वाड्याच्या मालकाला ‘धनी’ म्हणत. आई वडिलांचा उल्लेख ‘आमचे धनी’ असा करी. एकाच ओट्यावर एकच शब्द दोन माणसांसाठी ऐकत मी वाढलो, आणि दुसऱ्याच्या श्रीमंतीच्या आकड्यात आपले वडील मोजले जात होते हे समजले त्या रात्री मला झोप लागली नव्हती. म्हणून ‘श्रीमंत घराणे’ हे शब्द कोणी सहज लिहिले की मी आधी विचारतो, त्या मोजणीत कोण कोण धरले आहे.

‘खानदानी’, ‘घरंदाज’ हे शब्द चांगले आहेत, पण लग्नाच्या बोलणीत ते आता जातीचे दुसरे नाव म्हणून येतात, तेव्हा ते टाळावेस. हल्लीचा ‘मोठी पार्टी आहे’ हा शब्द तर मी कानाआड करतो. तुमच्या भागात ‘शेकडो एकरवाले’ हे बिरूदही अजून चालते, कोरडवाहू जमीन बाळगण्याची कायद्याची कमाल मर्यादा १९७५ पासून ५४ एकरांवर आली तरी. आणि मेहुण्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांग: ‘श्रीमंत’ वाचून जे स्थळ येते ते मुलीआधी तुझ्या घराची किंमत करते, आणि हुंडा हा शब्द न उच्चारताही त्याचा आकडा ठरवून येते.

तेव्हा रकान्यात मी पेन्सिलीने असे लिहिले आहे: ‘कास्तकार कुटुंब. स्वतःची बारा एकर कोरडवाहू शेती. सोसायटीचे पीककर्ज दर वर्षी मुदतीत फेडले आहे. घर खाऊनपिऊन सुखी.’ यातले तिसरे वाक्य परिचयपत्रात कोणी लिहीत नाही, हे मला माहीत आहे. पण दोन दुष्काळांत बैल विकून तू तो हप्ता भरलास, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि मातब्बर हा शब्द न वापरता त्याचा खरा अर्थ एवढ्या ओळीत येतो. ती ओळ खोडायची की ठेवायची हे नंदिनीला विचारून ठरव. मसुदा सोबत जोडला आहे. जन्मवेळेत एक आकडा खोडल्यासारखा दिसतो, तो वहिनींकडून पडताळून घे. दिवाळीनंतर मी अकोल्याला येणार आहे, तेव्हा एक मुक्काम तुझ्याकडे करीन.

वहिनींना नमस्कार, नंदिनीला आशीर्वाद.

तुझा,
मधुकर