दहनाला मनाई आता कुठे आहे?

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात बार्देशमधल्या आमच्या शेजाऱ्यांचे निधन झाले. आपले दहन करावे, असे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. ‘चर्चला चालत नाही,’ म्हणत वडीलधाऱ्यांनी ती वही मिटली. थोरल्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

१९१७च्या कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत दहनाला मनाई होती, हे खरे. पण १९६३ साली रोमने ती सैल केली आणि २७ नोव्हेंबर १९८३पासून लागू झालेल्या नव्या संहितेने जुनी संहिताच रद्द केली. दफनाची शिफारस कायम आहे. मात्र ख्रिस्ती शिकवणुकीला विरोध म्हणून नसेल, तर दहनाला आडकाठी नाही.

म्हणून जुने सगळेच संपले असेही नव्हे. शंका असल्यास जुना कायदा रद्द झाला असे गृहीत धरू नये, दोन्हींचा मेळ घालावा, असे नव्या संहितेचे कलम २१ सांगते. शंभर वर्षांहून जुन्या प्रथाही स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. पण दहनाबाबत शंका उरतेच कुठे?

रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी पाच मिनिटे कोकणीतून एवढे समजावून सांगावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, बार्देश