सुमे, पंप बदललाय आणि अंडी आलीत

प्रिय सुमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर जागेवर. इतके दिवस कळवलं नाही म्हणून रागावली असशील, तर आधी बातमी ऐक आणि मग राग धर.

आपल्या समुद्री टाकीतल्या माशांच्या जोडीने अंडी घातली!

मातीच्या उपड्या कुंडीच्या बाजूला, तळहाताच्या खळग्याएवढ्या जागेत, केशरी ठिपक्यांचा पट्टा. नर सारखा पंखांनी वारा घालतोय, मध्येच तोंडाने एखादं अंडं साफ करतोय. बाई दुप्पट जाडजूड झाल्यात आणि मी हात घातला की बोटाला चावतात. तुझ्या मोठ्या जाऊबाईंची आठवण आली, पण तू हे त्यांना वाचून दाखवू नकोस. घरात कुणाला सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं," आणि टीव्ही बघायला लागले. म्हणून तुला लिहितेय. ही जोडी हॅचरीतली आहे, समुद्रातून ओरबाडलेली नाही, याची खात्री तू करून घेतली होतीस. त्याच दुकानात त्या माणसाने जिवंत प्रवाळ दाखवल्यावर भर गिऱ्हाइकांत त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आणि अनुसूची एक ऐकवलीस! मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मात्र आनंद वाटतो की टाकीत फक्त कोरडा दगड आहे, मासे आहेत, दोन गोगलगाई आणि ती एक कोळंबी.

आणि नेमका याच आठवड्यात पंप गेला.

जुना, तोच कारंज्याचा. रात्री ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला, वर केला की परत पडायचा. एकेक प्लग काढत गेले आणि पंपावर आले. बाहेर काढून उजेडात धरला तर मागच्या एपॉक्सीला, म्हणजे कॉइलवर ओतलेल्या लेपाला, केसाएवढी चीर. खारं पाणी कॉइलपर्यंत पोचलं होतं. तीस मिलिअँपचा ईएलसीबी मी हट्टाने बसवून घेतला होता, नाहीतर माझा हात पाण्यात असता आणि पुढचं तुला लिहायला नको. टाकी असलेल्या प्रत्येक घरात तो हवाच, आणि वायरही प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही. हे तू तुझ्या विद्यार्थ्यांना सांगच.

तर मी त्याच दुकानातून तोच पंप आणला. तोच बॉक्स, तेच चित्र, १८ वॅट, ताशी ११०० लिटर, १.८५ मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची कमाल उंची. (त्या हेडला पाणी शून्य येतं हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं? मीटरभर चढवलं की जेमतेम निम्मं उरतं.) अप्पांच्या दुकानात तू स्टुलावर बसून भजी खायचीस तेव्हा बघितलंयस ना, ते नवीन मोटारीचा बॉक्स टेबलाखाली टाकायचे आणि आधी रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढायचे. मीही तेच केलं. पुढची जाळी काढली, रोटरचा पात्यांचा भाग, म्हणजे इम्पेलर, ओढला. जुन्यात पांढरा सिरॅमिक शाफ्ट होता. यात चकचकीत स्टील!

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणणार, "मी सांगत होते, समुद्राच्या टाकीला कारंज्याचा पंप म्हणजे चेष्टा." नाही गं. बाहेरच्या देशातला कितीतरी पट महाग पंप घेतलास तरी आत हेच असतं: एपॉक्सीत बंद केलेली कॉइल आणि पाण्यात फिरणारा चुंबकाचा रोटर. सील नाही, तेल नाही. बागेतल्या तेल भरलेल्या मोठ्या सबमर्सिबलना मी टाकीच्या जवळपास फिरकू देणार नाही, ते वेगळं. फरक आहे तो शाफ्टचा आणि एपॉक्सी किती नीट ओतलंय त्याचा. स्वस्तातला बनवणारा गोड्या पाण्याचा विचार करून बनवतो, आणि उद्या स्टील स्वस्त पडलं की न सांगता स्टील घालतो. बॉक्सवर शाफ्टचं नाव कुठेच नसतं. म्हणून स्वस्त पंप घ्यावा, पण प्रत्येक वेळी उघडून.

लोहचुंबक लावून बघू नकोस म्हणावं कुणी विचारलं तर. ३०४ स्टेनलेसला चुंबक फारसा चिकटत नाही, तरी आपल्या पाण्यात ते टिकत नाही. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, आणि शाफ्टचं टोक बसतं त्या बुशमध्ये पाणी अडून राहतं तिथेच खड्डे पडतात. पितळेचा स्क्रू निघाला तर त्याहून वाईट, पितळेत तांबं असतं. तांबं माशाच्या औषधात चालतं, पण कोळंबी आणि गोगलगाई मरतात.

मग मी काय केलं, तर जुन्याचा रोटर शाफ्टसकट नव्या बॉडीत घातला. बसला. पण किंचित हलतो, आणि एक घूं असा आवाज येतो. मागच्या रबरी बुशात ढिला आहे, मला वाटतं. रात्री मी दोनदा उठून ऐकते. वीज गेली आणि परत आली की चालू होईल का, की नुसताच घुमत राहील? हा कुठल्याही बाजूने सुरू होणारा पंप, अडकला की अडकला. पंप बंद राहिला तर प्राणवायू कमी, आणि अंड्यांवरून पाणी फिरायचं थांबलं तर नर एकटा किती पुरा पडणार? पंप पुन्हा बाहेर काढायचा तर कुंडी त्याच्या शेजारीच आहे. हलवली तर ती जोडी अंडी खाईल अशी भीती. त्यात उकाडा. पंपाचे अठरा वॅट बहुतेक सगळे पाण्यातच उष्णता होऊन उतरतात. पाणी एकोणतीसवर आहे, मी वरून छोटा पंखा लावलाय आणि जेवढं पाणी उडतं तेवढं साधं पाणी घालते, मीठ उडत नाही म्हणून.

घातल्यापासून साधारण आठवडाभरात अंडी फुटतात. आज डोळे चकाकायला लागलेत. दिवे मालवल्यावर फुटतात ना? मी ठरवलंय, संध्याकाळीच पंपाच्या तोंडाला जाड स्पंज, रात्री पंप पूर्ण बंद, फक्त हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, आणि कोपऱ्यात टॉर्च. पिल्लं उजेडाकडे येतात, वाटीने उचलता येतील. तीन-चार मिलिमीटरची पिल्लं, उघडा पंप त्यांना ओढून घेईल. हे बरोबर आहे का ते सांग. आणि रोटिफर, पिल्लांचं ते सूक्ष्म जिवंत खाद्य! रोटिफरशिवाय ती जगणार नाहीत, तुझ्या लॅबमधून कल्चर मिळेल का? बाटलीभर पुरे. शेखर शनिवारी मुंबईला येतोय असं ऐकलं, त्याच्या हातात दे, पण बाटली उन्हात ठेवू नकोस असं बजाव. मागच्या वेळी त्याने सुरमई कशी आणली ते तुला माहीत आहे.

तुझं कसं आहे? नव्या घराचा स्लॅब पडला का? चिनूची दहावी झाली, आता तिला झोपू दे. भावोजींना नमस्कार. सगळं सविस्तर लिही, नुसतं "मजेत" लिहिलंस तर बघ.

आणि एक काम. अप्पांच्या सुट्या भागांचा तो निळा पत्र्याचा डबा दाद्याकडे आहे. त्यात सिरॅमिकचे शाफ्ट असतील. एक काढून जाडी मोज आणि आजच कळव. व्हर्नियरने मोज, पट्टीने नको, आणि पडू देऊ नकोस, काचेसारखे तुटतात.

तुझी,
अंजी