विकणाऱ्याने बुडवलेला कर घेणाऱ्याकडून दुसऱ्यांदा का? कोल्हापुरातून वित्तमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पुरवठादाराने न भरलेल्या कराबद्दल खरेदीदारावर होणारी वसुली, व्याज आणि दंड

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने) व मशीन शॉपच्या कराचे कागद सांभाळणारे आम्ही कोल्हापुरातले काही कर सल्लागार आणि अकाउंटंट. भंगार खरेदीवरून डीआरसी-01 म्हणजे जीएसटीच्या कर मागणीच्या नोटिसांची नवी फेरी सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र. नोटिशीचा मजकूर ठरलेला असतो : ज्या पुरवठादाराकडून माल घेतला त्याची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली आहे, सबब आपण घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची विक्रीच्या करातून वजावट) अपात्र ठरते, कर, व्याज व दंड भरावा. त्या पुरवठादारावर विभागाने काय कारवाई केली, त्याच्याकडून किती वसूल केले, याची एक ओळही नोटिशीत नसते.

आधी आकडे पाहा. 10 लाखांच्या भंगारावर 18 टक्के दराने 1 लाख 80 हजार जीएसटी होतो. हा कर खरेदीदाराने बिलासोबत आरटीजीएसने विक्रेत्याला देऊन टाकलेला असतो. तीन वर्षांनी नोटीस येते. क्रेडिट वापरून झालेले असल्यामुळे जीएसटी कायद्याच्या कलम 50(3) प्रमाणे 18 टक्के व्याज, म्हणजे 97 हजार 200. फसवणूक नसलेल्या प्रकरणांचे कलम 73 लावले तर दंड कराच्या 10 टक्के किंवा 10 हजार, यात जास्त असेल तो. केंद्र आणि राज्य अशा दोन्ही कायद्यांत कर प्रत्येकी 90 हजार, त्याचे 10 टक्के 9 हजार. म्हणून दोन्हीकडे किमान 10 हजार धरून 20 हजार. इथवर रक्कम 2 लाख 97 हजार 200. पण कलम 74 लावले की दंड कराइतकाच होतो आणि आकडा 4 लाख 57 हजार 200 वर जातो. विक्रेत्याला आधी दिलेले 1 लाख 80 हजार वेगळेच. 10 लाखांच्या मालापायी 6 लाख 37 हजारांचा भुर्दंड सोसून कोणती लहान फौंड्री उभी राहील?

कलम 74 साठी फसवणूक, जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती किंवा दडवादडवी दाखवावी लागते. हे कलम सरसकट लावू नका, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 13 डिसेंबर 2023 रोजी काढली आहे. प्रत्यक्षात कलम 73 ची तीन वर्षांची मुदत हातातून गेली की पाच वर्षांचे कलम 74 पुढे केले जाते. 2024-25 पासून दोन्हींच्या जागी कलम 74ए आले, तरी फसवणुकीचा शिक्का बसला की शंभर टक्के दंड, हे कायमच आहे. भंगार खरे आले होते याचा पुरावा फौंड्रीत पडलेला असतो : वजनकाट्याची चिठ्ठी, गेट रजिस्टर, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला), बँकेची नोंद आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भट्टीचे हीट रजिस्टर, म्हणजे प्रत्येक वितळणीची नोंदवही. कोणत्या हीटला किती पंचिंग, किती बोरिंग (हे भंगाराचे प्रकार), किती पिग आयर्न (कच्चे लोखंड) घातले आणि त्यातून किती किलो कास्टिंग (ओतीव भाग) निघाले, हे त्यात रोज लिहिलेले असते. माल आलाच नसता तर ते कास्टिंग कशातून ओतले? हा साधा प्रश्न विचारण्याआधीच व्यवहाराला बोगस म्हटले जाते.

महोदय, हे घडायला नको होते, कारण शासनाने शब्द दिलेला आहे. एकदा नाही, तीनदा.

पहिला शब्द कोल्हापूरच्याच प्रकरणात दिला गेला. जीएसटीपूर्वीच्या महाराष्ट्र मूल्यवर्धित कर (व्हॅट) कायद्याचे कलम 48(5) सांगते की जेवढा कर सरकारी तिजोरीत प्रत्यक्ष जमा झाला तेवढ्याच रकमेपुरता सेट-ऑफ (खरेदीवरच्या कराची वजावट) मिळेल. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीजने या कलमाला आव्हान दिले आणि मे 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. पण त्या सुनावणीत राज्याने न्यायालयाला सांगितले होते की कर बुडवणाऱ्या विक्रेत्यांकडून वसुली करू आणि जेवढी वसुली होईल तेवढा परतावा खरेदीदाराला देऊ. कलम टिकले, वसुली सुरू झाली, ती खरेदीदारांकडून. जे-1 (विक्रेत्याने दिलेली विक्रीची यादी) आणि जे-2 (खरेदीदाराने दिलेली खरेदीची यादी) जुळत नाही या एका कारणावर सेट-ऑफ नाकारलेल्या फायलींचे गठ्ठे आम्ही पाहिले. त्यांतल्या एकाही फायलीत विभागाने आपणहून परतावा दिलेला आम्ही पाहिलेला नाही. कोल्हापूर विभागात कलम 48(5) खाली खरेदीदारांकडून किती घेतले, विक्रेत्यांकडून किती वसूल झाले आणि त्यातून किती परत दिले, हे तीन आकडे जाहीर करा. न्यायालयात दिलेल्या शब्दाचा हिशेब मागण्याचा आम्हाला हक्क आहे.

दुसरा शब्द 4 मे 2018 रोजीचा, जीएसटी परिषदेच्या 27व्या बैठकीतला. विक्रेत्याने कर भरला नाही म्हणून खरेदीदाराचे क्रेडिट आपोआप उलटवले जाणार नाही, वसुली विक्रेत्याकडून होईल. विक्रेता बेपत्ता आहे, त्याचा धंदा बंद पडला आहे किंवा त्याच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही, अशा अपवादात्मक प्रसंगीच खरेदीदाराकडे वळता येईल, असे तेव्हा जाहीर झाले. आज अपवादच नियम झाला आहे. त्या परिषदेत राज्याचे अर्थमंत्री सदस्य असतात, म्हणून हा प्रश्न तुम्हालाच विचारतो आहोत. विक्रेत्याकडे एकदाही न जाता खरेदीदाराकडे जाण्याचा अधिकार कोणी दिला?

तिसरा शब्द तर कायद्याच्या पुस्तकातच छापलेला आहे. कलम 149 प्रमाणे प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला कर भरण्याच्या शिस्तीवर गुण द्यायचे आणि ते सर्वांना दिसतील असे ठेवायचे होते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, गुणांकन कागदावरच राहिले. हे गुण दिसले असते तर भंगारवाल्याचे बिल घेण्याआधी फौंड्रीवाला सावध झाला असता.

आज खरेदीदाराला पोर्टलवर काय दिसते? नोंदणी चालू आहे की रद्द, जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरण) आणि 3बी (कर भरण्याचे विवरण) भरले की नाही, आणि दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होणाऱ्या 2बी या क्रेडिटच्या यादीमध्ये आपले बिल आले की नाही. एवढेच. पुरवठादाराने 3बी मध्ये किती कर दाखवला, रोखीने किती भरला, त्याचे स्वतःचे क्रेडिट खरे आहे का, हे दिसत नाही आणि दिसण्याची सोयही नाही. खरेदीच्या दिवशी नोंदणी चालू असते, बिल 2बी मध्ये असते, 3बी पुढे 'फाइल्ड' लिहिलेले असते. दोन वर्षांनी विभाग ती नोंदणी पहिल्या दिवसापासून रद्द करतो आणि खरेदीदाराला विचारतो, तुम्ही खातरजमा का केली नाही? नोंदणी विभागाने दिली, जागेची तपासणी करण्याचा अधिकार विभागाचा, रिटर्न विभागाच्या पोर्टलने स्वीकारले. खातरजमा करण्याची सगळी साधने ज्याच्या हातात, त्याला जाब नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला दंड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

भंगारात गळती आहे हे सरकारने स्वतः मान्य केले आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले तर कर खरेदीदारानेच उलट आकारणीने भरायचा आणि नोंदणी असलेल्याकडून घेतले तर 2 टक्के टीडीएस कापायचा, असा नियम आला. गळतीचे भोक सापडले, ते बुजवायला सुरुवात झाली, हे चांगलेच झाले. मग ते भोक उघडे असतानाच्या वर्षांचा दंड खरेदीदाराने का भरायचा? न्यायालयांनाही हे पटले आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या व्हॅट कायद्याखालील प्रकरणात, व्यवहाराच्या दिवशी विक्रेता नोंदणीकृत होता आणि खरेदी खरी होती म्हणून खरेदीदाराचे क्रेडिट राखले. तरी कोल्हापूरच्या प्रत्येक उद्योजकाने तोच निकाल मिळवायला स्वतंत्रपणे न्यायालयाची पायरी चढावी, अशी अपेक्षा दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये इथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे मुंबईचे हेलपाटे वाचले, पण दोन-तीन लाखांच्या मागणीसाठी रिट याचिकेचा खर्च कोणाला परवडतो?

रस्त्यावरची गोष्ट आणखी वाईट. शिरोलीहून चाकणला 6 लाखांची कास्टिंग निघाली. 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ई-वे बिल दोन दिवसांचे. साताऱ्याच्या पुढे गाडीचा गिअरबॉक्स बसला, माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि ड्रायव्हरच्या घाईत ई-वे बिलाच्या भाग-बी मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकायचा राहिला. तपासणीत गाडी धरली. एमओव्ही-06 या आदेशाने अडकवली, सात दिवसांत एमओव्ही-07 ची नोटीस, पुढच्या सात दिवसांत एमओव्ही-09 चा आदेश. कर 1 लाख 8 हजार, कलम 129 प्रमाणे दंड त्याच्या दुप्पट : 2 लाख 16 हजार. अपील करायचे तर दंडाच्या 10 टक्के, म्हणजे 21 हजार 600, आधी भरा. 14 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने नावातली स्पेलिंग, पिनकोड, गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा अंक अशा सहा चुकांना दोन्ही कायद्यांत मिळून फक्त 1 हजार दंड ठेवला आहे. नंबरातला एक अंक चुकला तर 1 हजार, बिघाडामुळे बदललेल्या गाडीचा अख्खा नंबर टाकायचा राहिला तर 2 लाख 16 हजार. बिल खरे, माल बिलाप्रमाणे, गॅरेजची पावती हातात. कर बुडवायचा हेतू कुठे आहे? गाडी बदलल्याचा पुरावा असेल तिथे ही सातवी चूक त्या यादीत घाला.

आणि नोटीस कळते कशी? पोर्टलवर चढवली की बजावली. कित्येकदा ती नेहमीच्या रकान्यात नसते, 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' मध्ये पडून राहते. उद्यमनगरातला लेथवाला रोज सकाळी पोर्टल उघडत नाही, तो मशीन सुरू करतो. उत्तर आले नाही म्हणून एकतर्फी आदेश होतो. अपिलाची मुदत तीन महिने आणि वर माफीचा एक महिना. तीही निघून जाते, आणि बँक खाते गोठले की मग त्याला कळते. एकतर्फी आदेशापूर्वी स्पीड पोस्टने पत्र पाठवायला शासनाला किती खर्च येतो? कलम 169 मध्ये टपालाचा मार्ग दिलेलाच आहे.

हे सगळे शिस्तीसाठी आहे, असे सांगितले जाते. मग शिस्त दोन्ही बाजूंना हवी. व्यापाऱ्याने उशीर केला तर 18 टक्के व्याज. सरकारने परतावा 60 दिवसांच्या पुढे अडवला तर 6 टक्के. सरकारी ठेकेदाराचे बिल महिनोन् महिने थकते, पण त्यावरचा जीएसटी त्याने पदरमोड करून वेळेत भरायचा, नाहीतर दंड. जे थकवतात त्यांच्यासाठी अभय योजना येतात : 2023 च्या योजनेत 2 लाखांपर्यंतची व्हॅटची थकबाकी पूर्ण माफ झाली, 50 लाखांपर्यंतची 20 टक्क्यांत मिटली. ज्याने कर्ज काढून पूर्ण रक्कम भरली होती त्याला काय मिळाले? आणि ज्याची कराची पै न् पै भरलेली होती पण व्हॅटचा 704 नमुन्यातला ऑडिट रिपोर्ट मुदतीत गेला नाही, त्याच्यावर उलाढालीच्या 0.1 टक्का दंडाची तलवार होती. 5 कोटींच्या उलाढालीला 50 हजार. बुडवणाऱ्याला सवलत आणि भरणाऱ्याला दंड, असे सतत दिसत राहिले तर उद्या वेळेत भरायला कोण राजी होईल?

आमचे मागणे अवघड नाही. खरेदीदाराला क्रेडिटची नोटीस काढण्यापूर्वी पुरवठादाराविरुद्धच्या कारवाईचा क्रमांक, तारीख आणि वसुलीची स्थिती नोटिशीतच लिहिणे बंधनकारक करा. हे राज्य कर आयुक्तांच्या एका परिपत्रकाने होते, त्यासाठी परिषदेची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्याकडे हीट रजिस्टर, वजनकाटा आणि बँकेची नोंद आहे त्याच्यावर कलम 74 लावण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याची कारणांसह लेखी मंजुरी घ्या. कलम 149 चे गुणांकन आणि कलम 16(2)(सी) (विक्रेत्याने कर भरला तरच क्रेडिट, ही अट) ची दुरुस्ती हे विषय महाराष्ट्राच्या वतीने परिषदेच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडा आणि मांडल्याचे जाहीर करा. कलम 48(5) चे तीन आकडे मात्र परिषदेकडे नाहीत, ते तुमच्याच विभागाकडे आहेत. ते येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपले,
कोल्हापुरातील काही कर सल्लागार व अकाउंटंट