वहीतली कूस आणि पाठीवरची जखम

महोदय,
वडिलांच्या अखेरच्या दोन महिन्यांत शुश्रूषा संस्थेकडून ११ जणी येऊन गेल्या. प्रत्येकीला त्यांचं कुठे दुखतं, हे आम्हीच नव्याने सांगायचो. वहीत 'दर २ तासांनी कूस बदलली' अशा नोंदी एकाच शाईत, एका दमात केलेल्या. एकाच कुशीवर पडून राहिल्याने माकडहाडावर झालेली जखम वेगळंच सांगत होती. डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनला हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, उघडलं, तेव्हाही वेदना उसळायच्या आधी, ठरल्या वेळी औषध देण्यावर त्यांचा भर होता. आम्हाला मात्र रात्री मॉर्फिन या वेदनाशामक औषधाबद्दल विचारायचं कुणाला, हेच ठाऊक नव्हतं. संस्थांनी माणसं सारखी बदलू नयेत, वरिष्ठ परिचारिकेने न कळवता येऊन रुग्णाची पाठ पाहावी, रात्री फोनवर जाणतं माणूस असावं. आणि त्या बायकांना पगार नीट द्या. उगाच का सोडून जातात त्या?

— एक वाचक