बंड्याशी बोल रे एकदा

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही म्हणून टाइप करत बसलेय, लांबलं तर घरी जाऊन सावकाश वाच. बंड्याच्या पोरीच्या अ‍ॅडमिशनला तू एका शब्दावर पैसे दिलेस आणि तुझ्या वास्तुशांतीला श्रीवर्धनहून त्यांच्या घरचं एक माणूस ठाण्याला आलं नाही. वाईट वाटणारच, मलाही वाटलं. अपेक्षा ठेवूच नये असलं कीर्तन मी करणार नाही, आपल्या माणसाकडून नाही ठेवायची तर कोणाकडून ठेवायची? पण "आता आमचा हिशोब संपला" म्हणालास ना, तिथे पोटात गोळाच आला.

आजोबांची आहेराची वही काल माळ्यावरून काढली. पानं ओलीने चिकटलीत. माझ्या लग्नाचं पान आहे त्यात, नाव, गाव, पुढे 11 रुपये, 5 रुपये नि नारळ, एका ठिकाणी नुसतं "तांदूळ दोन पायली". आणि बाजूला पेन्सिलीने आपण काय परत केलं ते, कुठे दोन रुपये जास्त कुठे एक कमी, बरोबर तेवढंच कुठेच नाही. जेवढ्यास तेवढं फेडलं की त्या घरी जायला निमित्त उरत नाही म्हणायचे ते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू तिकडे लॉकडाऊनमध्ये. सगळी वाडी आडवी झाली, ना वीज ना फोन, बंड्याच्या गोठ्याचे पत्रे उडालेले तरी तो आधी आपल्या घरावर ताडपत्री टाकायला चढला. नंतर रोठा सुपारीची रोपं पण त्यानेच आणून लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, यंदा काही झाडांना धरलीय. हे तू हिशोबात कुठे धरलंस?

टोचून बोलले, राग मानू नको. तू पैसे दिलेस तेव्हा अख्ख्या पाखाडीत सांगत सुटले होते मी, एवढा अभिमान वाटला होता. तुला खोकला होता तो गेला का? गरम पाणी पी. आणि बंड्याचा विषय परत काढणार नव्हते पण एक सांगते, आमंत्रण तू ग्रुपवर टाकलंस, माईआत्या अजून म्हणते अक्षत नाही तर निदान एक फोन तरी करायचा. बंड्या काहीच बोलला नाही. पैसे घेतल्यापासून तो तुझ्यासमोर मान वर करत नाही, पाहिलंस का तू? देणारा विसरतो, घेणाऱ्याला ते रोज आठवतं रे. तुझ्या एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये काय घेऊन यायचं म्हणून लाजला असेल, माझं मन तरी तेच सांगतं. लहानपणी त्याच्या ताटातली मासळीची तुकडी तू उचलायचास तेव्हा कोणी मोजत नव्हतं.

आम्ही आहोत तोवर ठीक आहे, पुढे या घराचं दार उघडायला तुम्ही दोघंच आहात, मला रात्री हेच येतं डोक्यात.

गणपतीला ये. माणगावला बंड्या येईल गाडी घेऊन, मी त्याला सांगून टाकलंय आणि लगेच हो म्हणाला. भाड्याचं विचारू नको त्याला.

आई