छोटं पिस्तूल घेताना आधी हातात धरून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

इथे टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परमिटशिवाय हँडगन जवळ बाळगता येते, त्यामुळे आपली मराठी मंडळीपण आता विचारायला लागलीत की कपड्याखाली लपेल असं कुठलं पिस्तूल घ्यावं, आणि सगळे फक्त गोळ्या किती बसतात तेवढंच बघतात. सिग कंपनीचं पी३६५ २०१८ मध्ये आलं, एवढ्याशा आकारात १०+१ (म्हणजे मॅगझिनमध्ये दहा आणि नळीच्या तोंडाशी एक गोळी), मग स्प्रिंगफील्डचं हेलकॅट ११+१ घेऊन आलं, ग्लॉक ४३एक्स पण १०+१ च. एका गोळीच्या फरकाने काय होतंय सांगा!

खरा फरक मुठीत आहे. पी३६५ सगळ्यात छान लपतं पण मोठ्या हाताची करंगळी खाली लटकते, ४३एक्सची मूठ लांब म्हणून पकड पक्की, पण तीच मूठ टी-शर्टखालून उठून दिसते. हलकं पिस्तूल झटका जास्त देतं, नवशिक्याचा नेम तिथेच जातो. माझं मत विचाराल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, ट्रिगर चांगला आणि मॅन्युअल सेफ्टीवालं (हाताने लावायचा सुरक्षा-खटका असलेलं) मॉडेलही मिळतं, ग्लॉकला ती नसते.

आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान) घ्याच, घरात मुलं असतील तर कुलूपबंद पेटी पण त्याच दिवशी. शूटिंग रेंजवर ही पिस्तुलं भाड्याने मिळतात, चालवून बघा, मगच पैसे टाका.

— एक वाचक, ह्यूस्टन